पेटीतला ससा

माझ्या जावयाला, कर्टिसला, गप्प बसता येत नाही. जेवताना बोलतो, चर्चमध्ये पाद्री बोलत असतो तेव्हा बोलतो, आणि कायोटीची वाट बघत गवताच्या गठ्ठ्याला पाठ लावून बसलं की तिथंही बोलतो. बोलणं संपलं की सूर्यफुलाच्या बिया फोडतो. बिया संपल्या की ट्रकच्या किल्ल्या खुळखुळवतो. कायोटी काय बहिरा असतो? कोल्ह्यापेक्षा थोराड, लांडग्यापेक्षा हलकी आणि दोघांपेक्षा लबाड अशी ती जात. गव्हाच्या कापल्या रानात उंदीर हलला तरी त्याला पलीकडच्या कुंपणापाशी कळतं. त्याला कर्टिस कळणार नाही होय? कर्टिस तर धान्याच्या पोत्याएवढा गडी.

हाकेवरची शिकार मला माझ्या नवऱ्यानं, अलोइसनं शिकवली. लग्न झालं त्याच हिवाळ्यात. ट्रक टेकाडाआड सोडायचा. दार आपटायचं नाही, अंगानं ढकलून लावायचं. वारा तोंडावर घेऊन चालत जायचं, पाठीशी आडोसा धरून बसायचं आणि मरणाऱ्या सशासारखं ओरडायचं. ओरडायचं थोडं, गप्प राहायचं फार. आयता घास आहे असं वाटून कायोटी येतो, पण सरळ येत नाही. वाऱ्याखालून फेरा मारतो, वास घेतो, मनाची खात्री करतो आणि मग येतो. अलोइस जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्याच्या हातची लाकडी शिट्टी अजून माझ्या कोटाच्या खिशात असते. कॅन्ससच्या ह्या टोकाला माझ्या सशाइतका खरा ससा कुणाचा रडत नाही. हे माझं मलाच सांगावं लागतं. बाकीच्यांना माहीत आहे, पण पुरुषांच्या जिभेला ते जड जातं.

कर्टिसकडं शिट्टी नाही, पेटी आहे. बॅटरीवर चालते. तिच्यात ससा आहे, कोकरू आहे, कोंबडी आहे, कायोटीचं पिल्लूसुद्धा आहे. पेटी रानात ठेवायची, तिच्याशेजारी एक केसाळ गोंडा फडफडत राहतो, आणि आपण लांब बसून बटण दाबायचं. झालं. ह्याला हे शिकार म्हणतात.

"सासूबाई, तुमच्या सशाला दमा आहे," असं तो मला माझ्याच स्वयंपाकघरात म्हणाला होता.

"दमा असू दे. माझा ससा रडतो. तुझा विजेवर चालतो."

जानेवारीत गावात स्पर्धा असते. दोघादोघांच्या जोड्या करतात, उजाडल्यापासून रानोमाळ ट्रक पळवतात, आणि संध्याकाळी पाचच्या आत मेलेले कायोटी घेऊन बारपुढच्या वजनकाट्यावर हजर होतात. पाचचा ठोका चुकला तर दिवसभराची शिकार बाद. मला हा प्रकार मुळीच आवडत नाही. कायोटी मेंढ्या मारतो म्हणून आपण त्याला मारतो. त्यात टाळ्या आणि बिअर कशाला? ह्या वर्षी कर्टिस आणि त्याचा दोस्त डस्टी, दोघं पहिले आले. बक्षीस म्हणून पट्ट्याचं बकल मिळालं, बशीएवढं. ते लावून तो चर्चला येतो. गुडघे टेकताना ते पुढच्या बाकाला आपटतं आणि अख्खं गाव मागं वळून बघतं. तो लाजत नाही. हसतो.

आणि ह्याच माणसाच्या हाती मी माझ्या मेंढ्या द्याव्यात, असं माझ्या मुलीचं म्हणणं.

मुलगी म्हणजे ग्लेंडा. माझी एकुलती. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, दिवसभर तिथंच असते. गुणी आहे, पण नवऱ्यापुढं पाघळते. माझे गुडघे गेलेत हे खरं. बर्फावरून चालताना मी आता शिडीवरून उतरल्यासारखी चालते. तेव्हा नाताळात ती म्हणाली, "आई, ह्या वसंतात कळप कर्टिसला दे. तो धान्याच्या कोठारावरची नोकरी सोडायला तयार आहे. तू किती दिवस रेटणार?"

"मी काही तुझ्याकडं काठी मागितलेली नाही."

"काठी मागितली नाहीस, पण कुंपणाला धरून चालतेस. मी बघते ना."

हा कळप अलोइसच्या आईचा. तिच्यानंतर माझा. दुष्काळात आम्ही गाई विकल्या, पहिला ट्रॅक्टर विकला, पण मेंढ्या ठेवल्या. तो असा कुणाच्या हाती सहज सोपवायचा नसतो. तरी मी म्हणाले, "बरं. मेंढ्या वितील तेव्हा रोज पहाटे येऊ दे त्याला. मी त्याचं काम बघते. ईस्टरला सांगीन."

कर्टिस यायला लागला. खोटं का सांगू, कामाला वाईट नव्हता. पाण्यावरचा बर्फ फोडायचा, गवत टाकायचा, अडलेल्या मेंढीच्या पोटात हात घालायला कचरायचा नाही. बोलायचा मात्र सारखा, मेंढीशीसुद्धा. एकदा एक पिल्लू श्वास घेईना, तर त्यानं त्याला मागच्या पायांना धरून गरगर फिरवलं आणि जिवंत केलं. त्या दिवशी मला वाटलं, पोरीनं अगदीच वाईट पाहिलेला नाही.

फेब्रुवारीत पहिलं कोकरू गेलं.

गोठ्यामागच्या कुरणात पडलं होतं. आदल्या दिवशीच जन्मलेलं. माझी राखणीची कुत्री बेला आता म्हातारी झालीय, पुढच्या दारापाशी हाक मारली तर मागच्या दाराकडं बघते. तिला काही दोष नाही. मी कुंपणाला धरून गुडघ्यावर बसले आणि कोकरू उलटं करून पाहिलं.

कर्टिस म्हणाला, "गरुड असेल."

"गरुड पाठीत नखं रोवतो. पाठ बघ, कोरी आहे."

"मग कायोटी."

"कायोटी तर आहेच. पण असा कसा कायोटी? शहाणा कायोटी गळा धरतो, दोन्हीकडून. भोकं समोरासमोर पडतात आणि कोकरू ओरडायच्या आत मरतं. इथं दात एकाच बाजूचे. बाकी नुसतं चघळलंय. पोटाकडचं मऊ तेवढं ओढलंय आणि मांडीला तोंडही लावलेलं नाही."

"म्हातारा असेल."

"म्हातारा नाही तर अधू. ह्याचा जबडा मिटत नाही."

कर्टिसनं एरवी माझ्याशी तासभर वाद घातला असता. त्या सकाळी त्यानं कोकरू उचललं आणि खड्डा खणायला निघून गेला. मला वाटलं, शहाणा होतोय.

मग दुसरं गेलं, मग तिसरं. सगळी दिवसा-दोन दिवसांची, आईच्या मागं धड पळताही न येणारी. मी मेंढ्या रात्री आत घ्यायला लागले, तर ते जनावर भल्या सकाळी यायला लागलं. गोठ्यात सगळ्यांना कायमचं डांबावं तर ओलीनं कोकरांची छाती भरते. इकडं आड, तिकडं विहीर.

रविवारी ग्लेंडानं बीरॉक केले होते. कोबी आणि खिमा भरून भाजलेले पाव, माझ्या आईच्या हातचे असत तसे. ग्लेंडा मिरी कमी घालते, पण ते असो. जेवताना मी म्हणाले, "आता ह्याला हाकेवर घ्यायला हवा."

"मी आणतो," कर्टिस म्हणाला. "उद्याच. पेटी लावली की दहा मिनिटांत समोर."

"मी येते बरोबर."

"आई, तुझे गुडघे," ग्लेंडा म्हणाली.

"गुडघ्यांनी काय कायोटी मारायचाय? बसायचंच तर आहे."

कर्टिस हसला. "या, सासूबाई. शिकून घ्या काहीतरी."

"घेते की, जावईबापू. तोंड न मिटता घास कसा गिळतात, ते तर आत्ताच शिकले."

सोमवारी आम्ही दक्षिणेच्या अंगाला, शेजारच्या शूमाकरच्या कुंपणाजवळ बसलो. ज्वारीची धसकटं, त्यांत बर्फाचे पट्टे, आणि समोर लांबवर एक ओघळ. ट्रकचं दार त्यानं आपटलं. मी नुसतं त्याच्याकडं पाहिलं. पेटी चाळीस पावलांवर ठेवून तो परत आला, बसला, आणि बिया फोडायला लागला.

पेटी सुरू व्हायच्या आधीच मला जनावर दिसलं. ओघळीच्या कडेला धसकटांत उंदीर शोधत होतं. मान वाकडी करून चालत होतं, माणूस दाढ दुखताना गाल सांभाळतो तसं. मी कोपरानं कर्टिसला ढोसलं. त्यानं बटण दाबलं.

पेटीतला ससा ओरडला.

हा आवाज आधी कधी न ऐकलेला कायोटी काय करतो? मान वर करतो, कान टवकारतो, एक पाय उचलून उभा राहतो. यायचं का नाही हे नंतर ठरवतो. ह्यानं मानसुद्धा वर केली नाही. पहिल्या किंकाळीला पोट जमिनीला लावलं आणि मागं न बघता ओघळीत उतरला. कर्टिसनं घाईनं गोळी झाडली. माती उडाली. पलीकडं बराच वेळ काही हललं नाही. ससा मात्र ओरडतच होता, कारण कर्टिसला त्या गडबडीत बटण सापडेना.

"बंद कर तो मेला ससा!"

"करतोय ना!"

शांत झाल्यावर मी विचारलं, "ह्यानं हा ससा आधी ऐकलाय. कुठं?"

"पेट्या काय माझ्या एकट्याकडंच आहेत? डस्टीकडं आहे, शूमाकरच्या पोरांकडं आहे. सगळे हाच ससा वाजवतात."

"नुसता ऐकलेला नाही. हा ससा वाजला आणि मग ह्याला काहीतरी झालं, असं ऐकलेला आहे. ह्या रानाकडं स्पर्धेच्या दिवशी कोण बसलं होतं?"

"मला काय माहीत?"

"तू कुठं होतास?"

"उत्तरेला. रेल्वेच्या पलीकडं. सांगितलं होतं की." आणि त्यानं मूठभर बिया तोंडात टाकल्या.

मी विश्वास ठेवला. पोरीचा नवरा आहे, तोंडावर खोटं कशाला बोलेल, असं वाटलं.

बुधवारी सकाळी जुळ्यांतलं एक गेलं. ती मेंढी माझी सगळ्यात चांगली. काळ्या तोंडाची, दरवर्षी जुळी देणारी, एकाही पिल्लाला कधी न लाथाडणारी. मी गेले तेव्हा ती कुंपणाजवळ उभी होती. एक पिल्लू तिच्या पोटाखाली थरथरत होतं. दुसऱ्याचं जे राहिलं होतं, त्याच्याकडं बघून ती हळूच घुमत होती. मेंढी पिल्लाला चाटताना जशी घुमते तशी, घशातल्या घशात. म्हणजे अजून ते उठेल असं तिला वाटत होतं. कास एका बाजूनं तट्ट भरलेली. मी आयुष्यात पुष्कळ मेलेली कोकरं पुरलीत, पण त्या दिवशी माझं डोकं असं फिरलं की मी कुरणातच उभी राहून मोठ्यानं शिव्या दिल्या. जर्मनमध्ये. आमच्या घरात शिव्या तेवढ्या त्या भाषेत उरल्यात.

कर्टिस गोठ्याच्या दारात उभा होता. "मी पेटीतला आवाज बदलून बघतो," तो म्हणाला. "पिल्लाचा लावतो. नाहीतर कोकराचा."

"कोकराचा लाव आणि बघ! ज्या मेंढ्यांची पिल्लं मेलीत त्या सगळ्या कुंपण तोडून तुझ्या पेटीपाशी येतील. अक्कल गहाण टाकलीयस का? उद्या मी हाक मारणार आहे. तू बरोबर यायचं. पेटी घरी."

"आणि बंदूक?"

"माझी."

"मग मी कशाला?"

"मला उठवायला. खाली बसले की मला उठता येत नाही."

दुसऱ्या दिवशी दिवस वर आला तेव्हा आम्ही निघालो. बेलाला गोठ्यात कोंडलं, नाहीतर ती बिचारी मदतीला धावत येते. निघण्याआधी स्वयंपाकघरात मी टेबलावर हात ठेवला आणि म्हणाले, "किल्ल्या मी ठेवते. बियांची पुडी इथं. ते बकलही काढ, उन्हात चमकतं."

"आता पँटही काढू का?"

"थंडी आहे म्हणून राहू देते."

वारा वायव्येचा होता, फार नाही. ओघळीच्या अंगानं खाली जाऊन आम्ही गवताच्या एका कुजक्या गठ्ठ्याला टेकून बसलो, वारा नाकावर घेऊन. रायफल अलोइसची. ती मी गुडघ्यावर आडवी ठेवली. शिट्टी खिशातच राहू दिली. ज्याचा जबडा मिटत नाही त्याला ससा ऐकवून काय उपयोग? ससा आता आपल्याच्यानं धरवत नाही हे त्याला माझ्याआधी कळलेलं. त्याला गिळता येईल असं काहीतरी हवं. मी हातमोजा काढला, मनगटामागची कातडी ओठांत धरली आणि श्वास आत ओढला. बारीक चिरका आवाज येतो, गवताखाली उंदीर भांडल्यासारखा. ह्याला ना लाकूड लागतं ना बॅटरी. थंडीनं ओठ फाटलेले होते, रक्ताची चव आली. दोनदा केलं, थांबले. पुन्हा एकदा केलं, थांबले.

कर्टिस गप्प होता. खरोखर गप्प. मला वाटलं, पेटी नाही म्हणून रुसलाय.

ते जनावर उजवीकडून आलं. ओघळीच्या काठावर आधी कान दिसले, मग वाकडी मान. हाडं मोजता येतील असं झालेलं. धसकटांतून एकेक पाऊल टाकत येत होतं, थांबत होतं, वास घेत होतं. वारा आमच्याकडं येत होता, त्याला काही मिळत नव्हतं. मी ओठ हलवले, नुसते, मुंगीला ऐकू येईल एवढं. ते पुढं आलं.

"मारा," कर्टिस कुजबुजला. "मारा, मारा ना."

मी हललेही नाही. माझ्याकडं तोंड करून उभं असेल तर छाती अरुंद असते. ते आवाजाची जागा शोधायला बाजूला वळलं, तेव्हा मी घोडा ओढला. जागच्या जागी बसलं, आडवं झालं, आणि संपलं.

कर्टिसनं मला हात देऊन उठवलं. आम्ही चालत गेलो. मी पोहोचेपर्यंत तो पुढं जाऊन उभा राहिला होता आणि खाली बघत होता.

मादी निघाली. खालचा जबडा डाव्या बाजूनं फुटून कधीतरी तसाच जुळला होता, वाकडा. हाड मधेच गाठाळलेलं, त्या बाजूचे दात नाहीतच. जीभ एका अंगानं बाहेर, वाळून काळी पडलेली. पायाच्या कातडीखाली मांस म्हणून नव्हतं. जखम आजची नव्हती आणि कालचीही नव्हती. गोळीची होती. तारेनं किंवा सापळ्यानं जबडा असा फुटत नाही.

"मेली नव्हती तर," कर्टिस म्हणाला.

तो हे स्वतःशीच बोलला. पण मी तिथंच होते.

"काय म्हणालास?"

"काही नाही."

"कर्टिस."

त्यानं टोपी काढली, परत घातली. "स्पर्धेच्या दिवशी... आम्ही शेवटी इकडं आलो होतो. ही पेटीवर आली. मी मारली. म्हणजे लागली, मी बघितलं लागलेली. उडाली आणि पळाली. बर्फात रक्त होतं."

"किती?"

"होतं पुष्कळ. शूमाकरच्या कुंपणापर्यंत. पलीकडं जायचं तर त्याला विचारायला त्याच्या घरी जावं लागलं असतं, आणि साडेचार वाजलेले. डस्टी म्हणाला, मरेल ती, सोड. पाचला काट्यावर पोचायचं होतं. उशीर झाला असता तर सगळेच बाद झाले असते, बाकी सगळे जे मारले होते..."

"म्हणजे रेल्वेच्या पलीकडं नव्हतास."

"नाही."

"सोमवारी इथं बसलो तेव्हा तुला माहीत होतं."

"नक्की माहीत नव्हतं! तीच आहे कशावरून?"

"पहिलं कोकरू मेलं तेव्हा मी म्हणाले, ह्याचा जबडा मिटत नाही. तेव्हा माहीत होतं. म्हणून वाद घातला नाहीस. खड्डा खणायला पळालास."

तो एकदम चिडला. लाज वाटली की हा चिडतो. "सासूबाई, कुणीही हेच केलं असतं! कायोटी आहे तो! तुम्हीच तर म्हणता, मेंढ्या मारतात म्हणून मारायचे. आता त्याची दया यायला लागली तुम्हाला? एक कायोटी अर्धा मेला आणि निसटला, तर एवढं काय आकाश कोसळलं? ग्लेंडाला सांगणार आहात का?"

"तिला तूच सांगणार आहेस."

"आणि मेंढ्यांचं? ईस्टरचं?"

हे त्यानं विचारलं, त्या जनावरापुढं उभं राहून. कोकरांचं विचारलं नाही. त्या काळ्या तोंडाच्या मेंढीचं विचारलं नाही. तेव्हा माझ्या अंगातला राग पाण्यावर बर्फ धरतो तसा घट्ट झाला. ओरडावंसं वाटेना. मी रायफलमधली गोळी काढून खिशात टाकली, आणि त्याच्या तोंडाकडं बघत सावकाश बोलले.

"ऐक. नेम कुणाचाही चुकतो, त्याचा मला राग नाही. शूमाकरचं दार इथून दिसतंय. तिथं जाऊन दोन शब्द बोलायचे होते, आणि बोलायला तर तुला कधी जड जात नाही. ते तू केलं नाहीस, कारण तुला बकल हवं होतं. मग ही बाई तुटक्या जबड्यानं उपाशी फिरली, आणि जे तिला धरता आलं ते तिनं धरलं. तिचं काही चुकलं नाही. माझी कोकरं तू मारलीस. आणि मी गोठ्यात उभी राहून कोण मारतंय म्हणून कपाळ बडवत होते, तेव्हा तू माझ्यासमोर बिया फोडत होतास. कळप ग्लेंडाचा होईल. शाळेची नोकरी सोडायची का नाही ते तिचं ती बघेल, नाहीतर मी गुडघ्यावर रांगत करीन. तू पाणी भर, गवत टाक, ती सांगेल ते कर. पण व्यायला आलेल्या मेंढीपाशी, आजारी कोकरापाशी तू एकटा उभा राहायचं नाहीस, मी जिवंत आहे तोवर नाही आणि मी मेल्यावरही नाही, हे मी तिच्याकडून लिहून घेईन. रक्त सांडून घड्याळ बघणारा माणूस मला माझ्या गोठ्यात नको. आता तिला उचल. शेपटीला धरून नाही. दोन्ही हातांनी, नीट."